वन्संच्या माथी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, देवळात हात जोडून उभी राहिले तेव्हासुद्धा नाही. तिथं तर मी मुद्दाम घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागायचे, म्हणजे हे मनात यायला जागाच राहू नये. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही सोपं जात नाहीये.

माझ्या लेकीचं, ऋतुजाचं, डोकं लहानपणी चपटं झालं होतं. आता ती मोठी झालीय, दाट केस आहेत, बघणाऱ्याला काही कळत नाही. तेल लावताना माझ्या तळव्याला मात्र कळतं. उजवीकडं मागं, कानाच्या वर — जरासं सपाट. आमच्या सगळ्या नातेवाइकांना त्याचं कारण माहीत आहे. ऋतुजालाही आहे. ती हसत हसत मैत्रिणींना सांगते, "आमच्या आत्यानं माझं डोकं चपटं केलं."

मी ते ऐकते. आणि पोळ्या लाटत राहते.

आत्या म्हणजे ह्यांची थोरली बहीण. हे तिला आक्का म्हणायचे, मी वन्सं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती आमच्याकडं उचगावला राहायला आली. खरं तर मीच नंतर आले, घरात ती आधीपासून होती. हे शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर होते. वन्सं सकाळी एका खानावळीत भाकरी थापायला जायच्या आणि दुपारचं जेवण आटोपलं की घरी यायच्या. आल्या की हातपाय धुऊन पहिल्यांदा ऋतुजाला उचलायच्या. हाताला चुलीच्या धुराचा वास यायचा. आणि काय सांगू — तासभर माझ्यापाशी रडून लाल झालेली पोर त्या वासाला गप्प व्हायची.

त्यांचा हातच तसा होता. गल्लीतल्या बाया बाळाला न्हाऊमाखू घालायला त्यांनाच बोलवायच्या. पायावर बाळ घेतलं की त्या बोलत नसत, नुसतं हुंकारायच्या, आणि बाळ डोळे मिटायचं.

मला त्याचा राग यायचा का? यायचा. हेही आत्ताच लिहून टाकते, म्हणजे पुढं तुम्ही माझ्याबद्दल काही चांगलं समजायला नको.

मी तेव्हा घरी ब्लाउज शिवायचे. गरज होती का? नव्हती. ह्यांच्या पगारात घर चालत होतं. पण बाया दारात येऊन "शैलाताईंच्या हातचं फिटिंग" म्हणायच्या, ते मला गोड लागायचं. दुसरं काहीच तेव्हा माझ्या एकटीचं नव्हतं. लग्नसराई आली की मशीनवर कापडांचा ढीग पडायचा, आणि सकाळभर पोरगी मशीन चालू देत नसे. पायडल मारलं की रडायची.

शेजारच्या एका बाईनं सांगितलं, तिच्या पोराला सर्दीचं औषध दिलं की ते गाढ झोपायचं. झाकणात थोडंसं द्यायचं. मी औषधाच्या दुकानात जाऊन सांगितलं, बाळाला सर्दी झालीय. दुकानदारानं काही विचारलं नाही. गुलाबी, गोड औषध होतं. पहिल्या दिवशी दिलं तेव्हा दाराला आतून कडी लावली होती. आठवड्यानं कडी लावायचंही सोडलं.

ती झोपायची. तुम्हाला कसं सांगू — नेहमीची बाळाची झोप नव्हे ती. बाळ झोपेतही तोंड हलवतं, मान फिरवतं, मूठ उघडतं. ही जशी ठेवली तशी. खिडकीचा उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून मी तिला रोज भिंतीकडं तोंड करून ठेवायचे. रोज त्याच कुशीवर, त्याच जागी. मशीनच्या आवाजातही हलायची नाही. कधी कधी मी पायडल थांबवून बघायचे, श्वास चाललाय का. म्हणजे मला कळत होतं. कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

वन्सं दुपारी यायच्या तेव्हाही ती सुस्तच असायची. "पोरगी एवढी कशी गं झोपतीय? डोळं बी उघडंना," त्या म्हणायच्या. मी म्हणायचे, सकाळभर जागी होती, दमली असेल.

चपटेपणा पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात आला. तेल लावताना हात थांबला. माझा हात ओढून त्यांनी पोरीच्या डोक्यावर ठेवला. "हितं बघ गं शैला. सपाट लागतंय." मी म्हटलं, बाळांची डोकी अशीच असतात, येतील भरून. मग त्यांनी जुन्या सुती लुगड्याची छोटी पिशवी शिवली, तिच्यात मोहरी भरली आणि उशी केली. आपल्याकडं करतातच की, डोकं गोल व्हावं म्हणून. दुपारी त्या ऋतुजाला त्या उशीवर निजवायच्या आणि जवळ बसून सारखी तिची कूस बदलायच्या.

पण दुपारचं ते थोडं झोपणं आणि माझ्या सकाळच्या त्या लांबलचक झोपा! डोकं सपाट होतच गेलं. उजवा कान डाव्यापेक्षा पुढं आल्यासारखा दिसायला लागला. शेवटी वन्संनीच भावाला सांगितलं. मी नाही. "पोरीला डाक्टरला दाखव, मला काय बरं दिसंना."

राजारामपुरीत एक मुलांचे डॉक्टर होते, वयस्कर, शांत. त्यांनी ऋतुजाला मांडीवर घेऊन सगळीकडून डोकं चाचपलं, टाळू पाहिली, मान दोन्हीकडं फिरवून बघितली. हे एवढे धिप्पाड, फाउंड्रीतल्या माणसांवर ओरडणारे, खुर्चीच्या कडेवर बसून दोन्ही हात गुडघ्यांत धरून होते. डॉक्टर म्हणाले, कवटीची हाडं वेळेआधी जुळलेली नाहीत, मान आखडलेली नाही, मेंदूला काही धोका दिसत नाही. एकाच बाजूवर फार वेळ पडून राहिल्यानं हे होतं. मग ते माझ्याकडं वळले.

"फार झोपते का ही? काही औषध वगैरे देता?"

बस, एवढंच विचारलं. आवाजात संशयसुद्धा नव्हता. मी "हो" म्हटलं असतं तर तिथंच सगळं संपलं असतं. चार शब्द ऐकावे लागले असते, हे घरी येऊन तापले असते, आणि महिन्याभरात विसरलेही असते.

मी म्हटलं, "न्हाय हो, औषध कशाला."

"झोपवतं कोण?"

"माझ्या नणंद. मोहरीच्या उशीवर."

दुसरं उत्तर तर खरंच होतं ना? म्हणून ते इतकं सहज आलं. डॉक्टर म्हणाले, उशी आधी काढून टाका, लहान बाळाला कसलीच उशी नको. बास. ह्यांचा चेहरा मी बाजूनं बघत होते. दोष कुणाचा ते तिथंच ठरलं.

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. जागी असताना पोटावर पालथं घालायचं, कडेवर जास्त घ्यायचं, झोपताना पाठीवर ठेवून मानेची दिशा बदलत राहायची, आणि दोन-तीन महिन्यांनी परत दाखवायचं. तेवढ्यानं फरक पडला नाही तर मुंबईत डोक्याच्या मापाची प्लास्टिकची टोपी बनवून देतात असं त्यांच्या ऐकण्यात होतं. ती महिनोन्‌महिने घालावी लागते, मधेमधे जाऊन माप द्यावं लागतं.

त्यानंतरचे दिवस हे वेड्यासारखे वागत होते. रस्त्यात कुणाचं पोर दिसलं की मागून त्याचं डोकं बघायचे. एसटी स्टँडवर अनोळखी बाईला त्यांनी विचारलं होतं, तुमच्या बाळाचं डोकं असंच होतं का आधी. ती बाई घाबरून लांब सरकली. त्यांचं म्हणणं, आत्ताच मुंबई गाठायची, टोपी करायची, लेकीच्या जातीला व्यंग नको. माझ्या आईचं म्हणणं, ओळखीची एक म्हातारी दाबून डोकं गोल करते. मी ठाम राहिले. दाबायचं नाही, टोपीही एवढ्यात नको, डॉक्टरांनी सांगितलंय तसं करून बघू. सगळ्यांनी माझ्या धीराचं कौतुक केलं. ह्यांनीसुद्धा.

धीर कसला? मला ठाऊक होतं की ती बरी होणार. बाटली मी त्याच दिवशी मोरीत ओतली होती.

पण ह्यांची एक अट होती. "आक्का हितं राहिली तर न्हाय जमायचं."

वन्सं भांडल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "आरं पण माझ्यापाशी पोरगी असती किती येळ?" हे म्हणाले, "ती उशी कुणी केलीती?" मी स्वयंपाकघरात होते. दार उघडं होतं. दोघांनीही माझ्याकडं पाहिलं नाही, आणि मीही बाहेर आले नाही.

जायच्या दिवशी त्यांनी उशीची शिवण उसवली, मोहरी पाखडली, निवडली आणि डब्यात भरून ठेवली. "वाया कशाला घालवायची," म्हणाल्या. ती मोहरी आम्ही फोडणीला वापरली. संपेपर्यंत वापरली. मग त्या एकट्याच एसटीनं नृसिंहवाडीजवळच्या त्यांच्या सासरच्या गावाला गेल्या, दिराच्या घरामागच्या खोलीत.

आणि ऋतुजाचं डोकं भरायला लागलं. रोज पालथी घालायचे, ती चिडायची, मान उचलायची, मग हसायला लागली. जागी राहायला लागली! आपली पोरगी इतकी बडबडी आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. डॉक्टर खूश झाले, टोपीची गरज नाही म्हणाले. घरी येताना हे स्कूटरवरून मागं वळून म्हणाले, "बघितलंस? आक्का गेली आणि पोरगी सुधारली."

त्याहून मोठा पुरावा कुठला असतो? माझ्या लेकीचं डोकं रोज थोडं थोडं गोल होत होतं, आणि रोज थोडा थोडा वन्संचा गुन्हा सिद्ध होत होता. मी औषध बंद केलं म्हणून ती बरी झाली, हे जगात एकटीलाच ठाऊक — मला.

तुम्हाला वाटेल, हीच माझी कबुली. नाही. इथपर्यंत भीती तरी होती. पुढच्याला तेही नाव देता येत नाही.

जावळ आम्ही नृसिंहवाडीला केलं. वन्संना बोलावलं नव्हतं, कुणाकडून तरी कळलं असणार. घाटावर माझ्या भावाच्या मांडीवर ऋतुजा बसली होती, न्हावी केस उतरवत होता, आणि पायऱ्यांवर त्या उभ्या होत्या. वाळल्या होत्या. ह्यांनी मान फिरवली. केस उतरल्यावर सगळे ते तुळतुळीत डोकं कौतुकानं बघत होते, तेवढ्यात त्या हळूच खाली आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. हात पुढं केला, पण पोरीला लावला नाही. हवेतच धरला.

"भरलं की गं," म्हणाल्या. डोळे भरले होते. मग अगदी हळू, "माझ्याच हातनं चुकलं असंल, शैला. मी लई इचार केला. कूस बदलायची ऱ्हात असंल माझ्याकडनं. मला कळलं न्हाय बघ."

स्वतःवरच त्यांचा विश्वास उरला नव्हता. पोरीची कूस बदलत जागायच्या त्या! मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी काय केलं? त्यांचा तो हात माझ्या हातात घेतला आणि म्हटलं, "असू दे वन्सं. झालं गेलं. माझ्या मनात काही न्हाय."

मी त्यांना माफ केलं. मी. त्यांना. आणि त्यांनी वाकून माझ्या हाताला डोकं टेकवलं.

पुढं काही वर्षांनी त्या गेल्या, ऋतुजा शाळेत होती तेव्हा. आम्ही दहाव्याला त्यांच्या सासरच्या गावी गेलो. हे नदीकाठी होते, मी घरात बायकांत बसले होते. त्या गल्लीतल्या एका बाईनं माझ्या हातात चहा दिला आणि बोलायला लागली. म्हणाली, तुमची नणंद लई चांगली, पण एक कळायचं नाही. गल्लीत कितीतरी बाळंतपणं झाली, सगळ्या म्हणायच्या हिचा हात चांगला आहे, न्हाऊ घालायला या. एकदाही आली नाही. बाळ कधी मांडीवर घेतलं नाही, रडत असलं तरी लांबूनच बघायची. म्हणायची, माझ्या हातनं भावाच्या लेकीचं डोकं बिघडलं.

मग त्या बाईनं आवाज खाली आणून विचारलं, "खरं व्हय ओ ते?"

ऐकायला वन्सं नव्हत्या. हे नव्हते. मला घाबरवणारं त्या खोलीत कुणीही नव्हतं.

मी म्हटलं, "व्हय. तसं झालं होतं खरं."