कुमुदचं शास्त्र

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. भावाजवळ नाही, मित्रांजवळ नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

कुमुद माझी बायको. मानसशास्त्रात एम.ए. झालेली. मी रसायनशास्त्राचा. लग्न ठरलं तेव्हा मित्र चेष्टा करायचे – आता तुझ्या मनातलं सगळं वहिनींना कळणार. मीही हसायचो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा आम्ही वाशीला राहायला आलो. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होतो. प्रयोगशाळा म्हणायची, पण काम एकच – आलेला माल तपासायचा आणि सही करायची. मला खरं तर संशोधन करायचं होतं. कॉलेजातले आमचे बापट सर मला हाताखाली घ्यायला तयारही होते. पण घरी पगाराची गरज होती, मी नोकरी धरली.  सरांनी नुसती मान हलवली. ती मान हलवणं मी कित्येक वर्षं विसरलो नव्हतो... पण ते पुढे.

वाशी तेव्हा नुकतं उभं राहत होतं. सगळ्या बिल्डिंगा एका साच्यातल्या. एकदा माझे वडील गुहागरकडून आले होते. सकाळी दूध आणायला गेले ते तासभर झाला तरी परत नाहीत. शोधलं तर पलीकडच्या बिल्डिंगमध्ये, त्याच मजल्यावर, कुणाच्या तरी घरात पेपर वाचत बसलेले. त्या लोकांनी चहासुद्धा दिला होता. वडील म्हणाले, "जिना तोच, दार तेच, खुर्चीसुद्धा तिथंच. मी तरी काय करू?"

सगळे पोट धरून हसलो. कुमुद हसली नाही. ती त्यांच्या शेजारी बसली आणि विचारू लागली – कुठल्या वळणावर तुम्हाला वाटलं की आपण बरोबर आलो? जिना चढताना एकदाही शंका आली नाही का?

तिथून ते सुरू झालं. ती तेव्हा एका कॉलेजात अर्धवेळ शिकवायची. उरलेला वेळ ती हिंडू लागली. नवीन राहायला आलेल्या बायका, गावातून मासळी विकायला येणाऱ्या कोळणी, शाळेतली पोरं – कोण कुठे चुकतं, का चुकतं. सोसायट्यांच्या मागे लागून परवानगी काढली आणि एका रांगेतल्या बिल्डिंगांच्या दाराशी चित्रं रंगवून घेतली. मासा, छत्री, कंदील. दुसऱ्या रांगेत नुसते नंबर, होते तसे. मग नवख्या माणसाला बाजाराच्या कोपऱ्यावरून अमुक घरी जायला सांगायचं, आणि आपण हातात घड्याळ घेऊन मागून चालायचं – अवाक्षर न बोलता. शेजारी तिला वेड्यांची डॉक्टर म्हणायचे. एक कोळीण तिला म्हणाली होती, "मासा हाय तिथंच ना? मंग कशी चुकंन मी?" कुमुद घरी येऊन ते वाक्य दोनदा म्हणून दाखवत होती, इतकी खूश.

आणि मी? मला काय वाटत होतं?

सुरुवातीला कौतुक वाटत होतं. हे खरं आहे, तेही सांगून ठेवतो. बायकोला छंद आहे, बरं आहे. पण मग एके दिवशी जेवताना मी तिला अडवायचं ठरवलं. म्हटलं, लोक चित्रामुळे ओळखतात हे कशावरून? नवा रंग डोळ्यात भरतो, एवढंच असेल. मला वाटलं, आता ती गप्प होईल. ती म्हणाली, म्हणून तर तिसऱ्या रांगेत चित्राशिवाय नुसते रंगाचे पट्टे मारलेत. आणि भाजी वाढली.

 हा प्रश्न मला त्या दिवशी सुचला होता. तिला तो काम सुरू करण्याआधी सुचला होता.

पुढे आकडेमोडीला मी बसायचो तिच्याबरोबर. काही माणसं फारच भरकटली होती. मी म्हटलं, ही वगळ, यांच्यामुळे सरासरी बिघडते. ती म्हणाली, "अहो, मग आपल्याला हवं तेच उत्तर येईल ना." साधेपणाने म्हणाली. टोमणा नव्हता. पण मी त्याच आठवड्यात कारखान्यात काय केलं होतं, ते तिला माहीत नव्हतं. मॅनेजरला माल पास करून हवा होता, आणि मी सोयीचा आकडा मिळेपर्यंत तीच चाचणी पुन्हा पुन्हा केली होती. मग आमच्या दोघांत शास्त्रज्ञ कोण?

त्या रात्रीपासून मला तिचा हेवा वाटू लागला. हो, हेवाच. दुसरा शब्द शोधून बघितला, मिळाला नाही. ती टेबलावर वाकून काम करत असली की तिची पाठ बघूनसुद्धा मला त्रास व्हायचा. मी मुद्दाम रेडिओ मोठा करायचो. ती म्हणायची, जरा हळू करता का? मी हळू करायचो, आणि थोड्या वेळाने पुन्हा मोठा.

मग सरकारची एक योजना निघाली – विज्ञान आणि तंत्रज्ञान विषयांतल्या स्त्रियांना वर्षभर संशोधनासाठी शिष्यवृत्ती, एका मोठ्या संस्थेत जागा. कुमुदने अर्ज केला. निवड समितीवर बापट सर होते. तिने मला लाजत लाजत विचारलं, तुम्ही सरांना सांगाल का? वशिला नको, फक्त काम नीट वाचा एवढंच. मी हो म्हटलं. सांगितलं मात्र नाही.

एके दुपारी सरांचाच फोन आला, कारखान्यात. मॅनेजरच्या खोलीत जाऊन घेतला. सर म्हणाले, "मुलीनं काम फार सुरेख बांधलंय रे."

मला त्यांनी कधी असं म्हटलं नव्हतं. एकदाही नाही.

मग ते म्हणाले, समितीत दोन तट पडलेत. काहीजण म्हणतात मानसशास्त्र हे विज्ञान-तंत्रज्ञानात धरताच येत नाही, मनाला कुठे मोजपट्टी लावणार? सरांना स्वतःला तसं वाटत नव्हतं, पण त्यांना खात्री हवी होती. तू हे काम जवळून पाहिलंस, तू आमच्याच शिस्तीतला, म्हणून तुला विचारतो. हे विज्ञान म्हणायचं का?

मी सांगतो मी काय म्हणालो. शब्द जसेच्या तसे. "सर, ती मेहनती आहे. पण विज्ञान... नाही म्हणता येणार. हौस आहे तिची."

 मग सर म्हणाले, स्वतःच्या बायकोबद्दल असं बोलायला धैर्य लागतं. आणि फोन ठेवला. तुम्हीच बघा – नवराच नाही म्हणतो म्हटल्यावर कोण पुढे वाद घालणार? माझ्या शब्दाला वजन आलं ते मी तिचा नवरा होतो म्हणून.

नकाराचं पत्र आलं. सदर विषय विज्ञान व तंत्रज्ञान या शाखांत मोडत नाही. कुमुदने ते वाचलं आणि चक्क हसली. म्हणाली, त्यांना अजून कळलेलं नाही, पुढच्या वर्षी पुन्हा करीन. ती खचली नव्हती, हे लक्षात घ्या. समितीने ती खचली नव्हती. पुन्हा चित्रांच्या मागे लागली, नवीन बिल्डिंगा शोधू लागली. आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, ह्यांनी माझ्यासाठी सरांकडे शब्द टाकला होता. मी चहा पीत ऐकायचो.

हे एवढंच असतं तर मी कदाचित आज बोललोही नसतो.

पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले, त्यांच्या सत्काराला आम्ही दोघं गेलो. गर्दीतून सर आमच्याकडे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कुमुदला म्हणाले, तुझा नवरा मोठा प्रामाणिक माणूस आहे. तुझ्या विषयाबद्दल विचारलं तर भीड न ठेवता म्हणाला, विज्ञान नाही, हौस आहे. सरांच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्यांना वाटलं, घरात हे बोलणं झालेलंच असणार.

कुमुद त्यांच्या पाया पडली. बसमध्ये खिडकीशी बसली. खाडीवरचा पूल ओलांडला तरी ती बाहेरच बघत होती. मी मनात वाक्यं जुळवत होतो. ती रागावेल, भांडेल, माहेरी जाईन म्हणेल – सगळ्याला उत्तर तयार होतं. घरी आल्यावर तिने चप्पल काढली आणि तिथेच उभी राहून विचारलं, "तुम्हाला खरंच तसं वाटत होतं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती विचारत होती, जसं मागे माझ्या वडिलांना विचारलं होतं तसं – खरं उत्तर हवं म्हणून. मी म्हणू शकलो असतो, नाही, मला तुझा हेवा वाटला. तिने मला कदाचित सोडलं असतं. कदाचित नसतं. पण तिचं काम तिच्यापाशी राहिलं असतं.

मी म्हणालो, "हो."

 ती म्हणाली, तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असेल, आणि कुकर लावायला गेली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. समितीला जे जमलं नाही ते माझ्या एका शब्दाने झालं. त्या महिन्यात तिने सगळे कागद रद्दीवाल्याला दिले. मी घरीच होतो. वजन होताना बघत होतो. थांब म्हटलं नाही. आणि आणखी एक सांगायचं राहतं – मला बरं वाटलं. संध्याकाळी टेबल मोकळं दिसलं आणि मला बरं वाटलं.

पुढे तिने बी.एड. केलं, शाळेत मराठी शिकवू लागली. चांगली शिकवायची. सोसायट्यांनी बिल्डिंगांना नवा रंग दिला तेव्हा चित्रं गेली, तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

काही वर्षांनी शेजारची एक मुलगी बारावी झाली. मानसशास्त्र घेऊ का, असं विचारायला आली. घरचे म्हणत होते, त्यात काही शास्त्रबिस्त्र नसतं. मी समोरच बसलो होतो. कुमुद म्हणाली, "बरोबर सांगतात ते. मीही आधी समजायचे शास्त्र आहे म्हणून. नुसती हौस असते गं."

माझाच शब्द. ती मुलगी माझ्याकडे बघू लागली, मी शास्त्रातला म्हणून. मी मान डोलावली.

मुलीने कॉमर्स घेतलं. कुमुदने जे केलं ते शास्त्र होतं. फोनवर बोलत होतो तेव्हाही मला ते माहीत होतं.