खांबाखाली वितळलेली जमीन

आमच्या हरभऱ्याच्या बांधावर विजेचा खांब आहे. यंदा थंडीत त्याच्या बुडातून धूर निघाला आणि तिथली माती वितळून लाल रटरटली. धाकट्या जाऊनं ते पाहिलं आणि येऊन अंगणात बसली. घरात पाऊल टाकेना.

"आक्का, ज्वालामुखी निघतोय," म्हणाली.

घरात आम्ही दोघीच. माझा मुलगा लोहाऱ्याला राहतो. त्र्याण्णवच्या भूकंपात जाऊचा नवरा आणि तान्ही मुलगी दगडमातीखाली गेली. हे सिमेंटचं घर त्यानंतरचं. त्यातही ती दाराशीच निजायची.

वायरमन आला, त्यानं वीज तोडली. म्हणाला, अर्थिंग खराब झालं, करंट जमिनीत उतरला, त्यानं माती-दगड वितळले. गार झाल्यावर काळ्या काचेसारखा खडा निघाला. तो जाऊला दाखवला तर तिनं तोंड फिरवलं. त्या दिवसापासून अंगणात उघड्यावर निजून तिला खोकला लागला. संध्याकाळी तिची खाट बाहेर ओढायची, सकाळी आत. माझी कंबर गेली.

शेवटी शाळेतल्या बाईंना घरी आणलं. मी चौथी शिकले, पण जमीन सरकते हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. बाईंनी दोन भाकरी मागितल्या आणि परातीत शेजारी शेजारी ठेवल्या.

"आजी, जमिनीचे असे मोठे तुकडे आहेत. एक दुसऱ्याखाली घुसला की खोल आतला दगड वितळतो आणि वर येतो. तोच ज्वालामुखी. तुकडे एकमेकांपासून लांब गेले तरी मधून रस वर येतो. आपण कडेला नाही, तुकड्याच्या मधोमध आहोत."

"मग आपल्या रानात सगळीकडं हा काळा दगड आहे, तो कुठला?" मी विचारलं.

"तोही रसच, थिजलेला. फार जुना. तेव्हा आपला तुकडा खाली दक्षिणेला, दूर समुद्रात, एका तापलेल्या जागेवर होता. तिथून तो सरकत वर आला. ती जागा मागंच राहिली."

जाऊनं अंगणातून विचारलं. "आन् आता? थांबला का?"

"नाही. नख वाढतं तितका हळू सरकतो. उत्तरेला हिमालयाला रेटतोय."

"म्हंजे तवा ज्यानं हललं, ते रेटनं चालूच हाय."

बाई म्हणाल्या, "होय आजी. ज्वालामुखी येणार नाही, हे मी सांगते. भूकंपाचं मला सांगता येणार नाही."

मला बाईंचा राग आला. एवढं खोटं बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं? भाकरी मोडून गाईला घातल्या.

बाई गेल्यावर जाऊ म्हणाली, "आक्का, तुमी आत निजा. खाट मी वढीन."

"तू वढशील. खोकून खोकून पडशील, मग तुलाबी मीच वढायची."

मुलाला फोन लावला. अंगणात पत्र्याचं शेड मार, मी म्हणाले.

"पक्कं घर सोडून पत्र्यात?"

"व्हय. दोन खाटा मावतील एवढं कर."