कोंड्यावर न उमटणारा हात

बायकोच्या पायाचं ऑपरेशन पाच-सहा महिने लांबलं ते माझ्या अंगठ्यामुळे, आणि त्याचा दोष मी तिच्यावर ढकलला. दोन्ही गोष्टी आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मला वाट बदलता येणार नाही.

मी गोंदियाजवळच्या मुर्रीचा. राईस मिलमध्ये मशीनवर कामाला, आणि सकाळी कामावर जाण्याआधी लचक काढणारा. हा हात वडिलांकडून आला. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल गरम करायचं, दुखती नस अंगठ्याखाली धरायची आणि माणूस ओरडेपर्यंत दाबायचं. ओरडला की लचक निघाली, असा आमचा हिशेब. लोक पार नागऱ्याहून यायचे.

बायकोचा डावा पाय लग्नानंतर चारपाच वर्षांनी सुजू लागला. हत्तीरोग. आमच्या भागात तो नवा नाही. गोळ्यांनी आजार थांबला, सूज राहिली. उजव्या पायात ती स्वतःची चप्पल घालायची आणि डाव्यात माझी जुनी, पट्टा कापून दोरी बांधलेली. कुणाच्या लग्नात गेली तर साडी जमिनीला टेकेल इतकी खाली नेसून मागे बसायची. नागपूरच्या एका प्लास्टिक सर्जनने पाय पाहिला आणि सांगितलं, जादाची कातडी काढून बऱ्यापैकी आकार देता येईल.

शेजारणीने विचारलं, "पाय चालून राहिला न, मंग दिसासाठी कापाले कायले जातेस?"

बायको म्हणाली, "मले दोनी पायात सारकी चप्पल घालाची हाय. एका जोडीतली."

डॉक्टरांची अट होती. आधी सहा आठवडे रोज मालिश आणि पट्टी. सूज उतरली, कातडी मऊ झाली, तरच ऑपरेशन. मालिश शिकवणाऱ्या मॅडमनी माझ्याच हातावर करून दाखवलं. मला काही जाणवलंच नाही.

"इतकंच?" मी विचारलं.

"इतकंच. कातडी सरकली पाहिजे, मांस दबायला नको. तेल नाही. आधी जांघेजवळ, मग मांडी, मग गुडघा, पाऊल सगळ्यात शेवटी. हात नेहमी वरच्या दिशेने. वरची वाट मोकळी झाल्याशिवाय खालचं पाणी जाणार कुठे?"

तीन आठवडे मी तसं केलं. पट्टी सोडून मोजलं की जेमतेम बोटभर फरक. मला त्या गोंजारण्याची लाज वाटायची. चौथ्या आठवड्यात एका सकाळी मी तेल गरम केलं आणि तळव्यापासून सुरुवात केली.

"अवो, मॅडमनं असं नाई सांगतलं," ती म्हणाली.

"मॅडमनं किती लचका काढल्या आजवर?"

तिने खाटेची दोरी धरली. ती ओरडली नाही, म्हणून मी आणखी दाबलं.

दुसऱ्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत लाल, अंगात थंडीताप. माझ्या अंगठ्याच्या घट्ट्याने बोटांमधली नाजूक कातडी फाटली होती. नागपूरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पाय पाहून विचारलं, "कुणी जोरात चोळलं का?"

मी पिशवी धरून उभा होतो. "नाही सर. धानाच्या रोवणीला गेली होती. दिवसभर चिखलात होती."

डॉक्टर तिच्यावर चिडले. एवढं समजावून चिखलात पाय घालता, मग आम्ही कशाला मेहनत घ्यायची? सगळा वॉर्ड ऐकत होता. ती खाली पाहत म्हणाली, "चुकलं." कागदावर तसंच लिहिलं गेलं. ऑपरेशन हिवाळ्यावर गेलं.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "मी त रोवणीले गेलीच नाई."

"लोकं काय म्हणतील? याचा हात..."

"तुमच्या हाताचं नाव राहू द्या. पाय माया हाय."

त्या वाक्यानंतर मी लचक काढणं बंद केलं. ठरवलं की हा हात बदलायचा. रोज आंघोळीला वजरीने अंगठा घासायचो. मिलमध्ये मशीनमागे कोंड्याचा ढीग असायचा, मऊ, पिठासारखा. जेवणाच्या सुट्टीत मी त्यावरून तळवा फिरवायचो. बोटांचे ठसे उमटले की हात जड पडला. पहिले दोन महिने ठसे उमटतच राहिले. सोबतचा मिस्त्री हसायचा, "क्यों उस्ताद, मेहंदी लगाई है क्या हाथ में?" मी तळवा फिरवतच राहायचो. पावसाळा संपता संपता कोंडा नुसता हलू लागला, ठसा दिसेना.

मग रोज पहाटे पाऊण तास तिच्या पायाची मालिश. आधी जांघ, मग मांडी, मग गुडघा, पाऊल शेवटी. तिने पहिल्या दिवशी पाय आखडून घेतला होता. महिनाभराने ती मालिश चालू असतानाच झोपू लागली. हिवाळ्यात ऑपरेशन झालं. जखम भरल्यावर मॅडमनी परवानगी दिली आणि पुन्हा तेच, टाक्यांची रेघ टाळून, आणखी हलक्या हाताने. पाय उजव्यासारखा झाला नाही. पण गोंदियाच्या बाजारात तिने चप्पल मागितली तेव्हा दुकानदाराने एकच जोडी काढली, आणि ती तिला आली.

राहिलं होतं ते माझं खोटं. प्रत्येक तपासणीला डॉक्टर तिला बजावायचे, "आता चिखलात जाऊ नका हं बाई." आणि ती प्रत्येक वेळी म्हणायची, "नाई जात."

शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी मला वॉर्डात बोलावलं. नव्या रुग्णांच्या घरच्यांना मालिश करून दाखवा म्हणाले. "या बाईंनी हयगय केली होती, पण नवऱ्याने पाय वाचवला," असं सांगून त्यांनी मला पुढे केलं. ती बाकावर नवी चप्पल घालून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला सवय झाली होती.

मी रुग्णाच्या पायाकडे नेलेला हात मागे घेतला. म्हणालो, "सर, ती रोवणीला गेलीच नव्हती. गरम तेल लावून मी दाबला तो पाय. तिने नको म्हटलं होतं. तेव्हा इथेच उभा राहून मी खोटं बोललो. कागदावरचं ते तेवढं खोडा." मग मी तिच्याकडे वळलो. वॉर्ड ऐकत होता, तसाच, त्या दिवशीसारखा.

"तुझं काही चुकलं नव्हतं," मी म्हणालो. "चुकलं ते माझं. मला माफ कर."