काशीमावशी आणि जानेवारीचे पाहुणे

काशीबाई जित्याला रोह्याच्या गाडीत चढायच्या आणि मी पेणला. महिन्यातून एकदाच हा योग यायचा, एखाद्या सोमवारी सकाळी. महिन्याचा एकुलता एक रविवार घरी काढून त्या परत कामावर निघालेल्या असायच्या. दोघी निडीला उतरायचो. मी तिथल्या शाळेत शिक्षिका आणि त्या शाळेमागच्या बालगृहात मावशी. बसल्या की डोकं खिडकीला टेकवून डोळे मिटायच्या आणि मिटल्या डोळ्यांनीच बोलत राहायच्या.

नवरा काळुराम मिठागरावर कामाला होता. मिठागर बंद पडलं आणि दोन वर्षांत तोही गेला. मुलगा प्रणित तेव्हा दहावीत होता. काशीबाई चाळिशीत पहिल्यांदा घराबाहेर पडल्या त्या या बालगृहात. बत्तीस मुलांचं खाणं, आंघोळी, कपडे, आजारपण. अठरा वर्षं झाली. संस्था ख्रिस्ती, काशीबाईंच्या पेटीच्या झाकणाला आतून एकवीरेचा फोटो. त्यावरून कधी कुणी काही बोललं नाही. प्रार्थनेची सगळी गाणी त्यांना पाठ होती आणि लहान मुलांना हात जोडायला त्याच शिकवायच्या.

दर जानेवारीत परदेशातल्या एका चर्चची पंधरा-सोळा माणसं दहा-बारा दिवसांसाठी यायची. चांगली माणसं. आपल्या रजा साठवून, स्वतःच्या खर्चाने आलेली. मुलांबरोबर खेळायची, गाणी म्हणायची, रंगीत कागदांची फुलं करायची. जेवणघराची भिंत दरवर्षी नव्याने रंगवायची. त्या भिंतीला एवढ्या रंगांची गरज नव्हती, पण नको कोण म्हणणार? मुलं दिवसभर कुणा ना कुणाच्या कडेवर असायची. मग एका सकाळी बस निघून जायची.

पुढचा महिना काशीबाईंचा. मुलं जेवायची नाहीत, अंथरूण ओलं करायची, एकमेकांना चावायची. वर्गात मलाही ते कळायचं.

"बाई, पंधरा जणांच्या मांडीची सवय लागते पोरांना," त्या एकदा म्हणाल्या, "मंग माझी एकटीची मांडी कुठवर पुरंल?"

राणीचं त्यांना सगळ्यात जास्त लागलं होतं. राणी रोह्याजवळच्या कातकरी वाडीतली. आई बाळंतपणात गेली, बाप सोमा वर्षातले सहा महिने पनवेलपुढच्या वीटभट्टीवर. भट्टीवर शाळा नाही, म्हणून त्याने पोरीला इथे ठेवलं. ती पाच वर्षांची असताना पाहुण्यांतल्या रूथ नावाच्या मुलीने तिला जवळ केलं. रोज वेणी घालायची. जाताना सांगून गेली, मी परत येईन. राणी फेब्रुवारीभर फाटकाशी बसून राहिली. शाळेत गाडीचा आवाज आला की उभी राहायची.

पुढच्या वर्षी बस आली तेव्हा राणीने उतरणारा प्रत्येक चेहरा पाहिला. रूथ नव्हती. दुसऱ्याच कुणीतरी तिचा हात धरला आणि ती हसत तिच्याबरोबर गेली. "रडली असती तर बरं वाटलं असतं मना," काशीबाई म्हणाल्या.

गेल्या वर्षीच्या निरोपाच्या कार्यक्रमाला मीही होते. रविवार होता. मुलं नव्या कपड्यांत ओळीने उभी होती आणि मागे पाहुण्यांनी तिकडून छापून आणलेला फलक होता. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, भारतातली आमची अनाथ लेकरं. बत्तीसपैकी खरोखर कुणीच नसलेली मुलं नऊ. बाकीच्यांची माणसं भट्टीवर, कोळशाच्या कामावर, नाहीतर आजारी. ऑफिसच्या कागदांत हे नीट नोंदलेलं होतं, पण पाहुण्यांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

नेमका त्याच दिवशी सोमा आला. भट्टीवर आठवड्याच्या बाजाराची सुट्टी होती. फाटकावरच्या दत्तात्रेयने त्याला बाहेरच थांबवलं. आज पालकांना आत सोडायचं नाही, असं अधीक्षिका रोहिणी मॅडमनी सांगितलं होतं. काशीबाई भांड्यांचं पाणी टाकायला मागे गेल्या तेव्हा त्यांना तो कुंपणापाशी उकिडवा बसलेला दिसला. हातात बोरांची पिशवी. तक्रार काही नव्हती. एवढंच म्हणाला, की चारला नाक्यावरून भट्टीचा ट्रक परत निघतो. साडेतीन होत आले होते.

काशीबाईंनी मला नंतर सांगितलं, की पहिल्यांदा त्यांना वाटलं, जाऊ दे. पहाटेपासून पन्नासेक माणसांचं रांधून पाय भरून आले होते. दिवस एकदाचा संपावा एवढंच वाटत होतं. त्या त्याच्याशेजारी खाली बसल्या. मग उठल्या आणि त्याचं मनगट धरून त्याला सगळ्यांच्या मधून पुढे घेऊन आल्या.

गाणं थांबलं. राणी ओळ सोडून धावली आणि सोमाच्या पायांना बिलगली. पाहुण्यांचे म्होरके, एक वयस्क गृहस्थ, मॅडमना विचारू लागले, हा माणूस कोण.

"हा राणीचा बाप हाय," काशीबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "जिता हाय. मॅडम, सांगा त्यांना."

मॅडमनी खालच्या आवाजात सांगितलं. पाहुण्यांच्या पुढच्या रांगेतली एक म्हातारी परिचारिका उठली आणि तिने सोमाला आपली खुर्ची दिली. तो बसला नाही. तिथेच जमिनीवर टेकला आणि राणीला एकेक बोर देत राहिला. दहा मिनिटांनी तो गेला.

पाहुणे खोल्यांकडे गेल्यावर मॅडम काशीबाईंना खूप बोलल्या. मुलींच्या खोलीवरचे पत्रे या लोकांनी घातलेत. उद्या ते आलेच नाहीत तर? ते खरंच होतं. बोलता बोलता मॅडमच रडू लागल्या. त्याही थकलेल्या होत्या.

संध्याकाळी ते म्होरके मॅडमना घेऊन स्वयंपाकघरात आले. आम्ही काय केलं तर बरं होईल, असं त्यांनी विचारलं. काशीबाईंनी सांगितलं, "पोरांना परत येतो म्हनू नका. आणि चादरी धुवायला या."

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांतले चौघेजण नळावर चादरी धुवायला बसले, त्यांत ती परिचारिकाही होती. काशीबाई दुपारी दोन तास झोपल्या. बस गेल्यावर मुलं नेहमीसारखीच बिथरली. एका दिवसाने काही बदललं नाही.

यंदा सहाच पाहुणे आले. फलक नव्हता. गळके पत्रे बदलले, कपडे धुतले आणि एका रविवारी पालकांबरोबर पंगतीला बसले. सोमा आता जमेल त्या बाजाराच्या सुट्टीला येतो. राणी मात्र अजून कुणाही अनोळखी माणसाला मिठी मारते, गॅसची टाकी आणणाऱ्यालासुद्धा. काशीबाई तिचा हात धरून तिला बाजूला घेतात, रोज.

काशीबाईंचे गुडघे गेलेत. प्रणित घरी ये म्हणतो. जूनपासून राणीच्याच वाडीतली ठमी हाताखाली आली आहे आणि अजून टिकून आहे. त्यामुळे काशीबाईंना आता महिन्याला दोन रविवार मिळतात. काय करता, असं मी विचारलं तर म्हणाल्या, पहिला झोपेत जातो, आणि दुसऱ्याला पोरं जेवली असतील का, हेच डोक्यात असतं.