दोन रेघांमधली रिकामी जागा

"रामकली का मटका बाहर फिंकवा दो," मॅनेजरसाहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पंडिताइन, चाय आप बना दीजिए. आपके हाथ की चलेगी."

मी उठले. चहा केला. आलंसुद्धा किसून घातलं.

झाशीत दतिया गेटाजवळच्या एका खासगी शाळेत मी ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. वसतिगृहाची मुलं शाळेतच जेवतात. रामकली अहिरवार त्यांचा स्वयंपाक करायची. चार वर्षं मीही तिच्याच हातचं जेवले. त्या सकाळी तिला सगळ्यांसमोर सांगितलं गेलं, "कल से रसोई में नहीं घुसना. झाड़ू-पोंछा देखो." सांगताना साहेबांच्या हातात एक कागद होता. तो कागद मी काढला होता.

आदल्या दिवशी कुणा पालकाचा फोन आला होता, मुलांचं जेवण कोण रांधतं म्हणून. साहेब म्हणाले, "पूरे स्टाफ की सादी टेक्स्ट फाइल बना दो. नाम, जाति, काम. बस." कशाला हवी, हे विचारायची गरज नव्हती. मला कळलं होतं. डेटाबेसमधून माहिती बाहेर काढताना कुठले रकाने घ्यायचे त्यावर खूण करावी लागते. जातीच्या रकान्यावर मी खूण केली. बोट अडखळलं होतं असं लिहिलं, तर ते खोटं ठरेल.

फाइल उघडली. एका माणसाची एक ओळ, दर दोन रकान्यांमध्ये एक उभी रेघ. सगळ्या ओळी भरलेल्या. फक्त माझ्या ओळीत दोन रेघा एकमेकींना चिकटलेल्या. मध्ये काहीच नाही.

नोकरीला लागले तेव्हा ती जागा मीच कोरी सोडली होती. इथे मराठी बोलणारा दिसला की लोक त्याला पंडित, म्हणजे ब्राह्मणच, समजतात. साहेब तेव्हा हसून म्हणाले होते, "आपका क्या लिखना, पंडिताइन." मी तोंडात मिठाची गुळणी धरली. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इथे आले, ते खोगिरं शिवायला. आम्ही चांभार. इकडे अहिरवार म्हणतात ते आमच्यासारखेच चामड्याचं काम करणारे. बाबा म्हणायचे, झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी मूठ मी झाकून ठेवली आणि रामकलीची उघडून दिली.

चहा ठेवून बाहेर आले, तर रामकली नळाशी मटक्याचे तुकडे गोळा करत होती. रडत नव्हती. मान वर न करता तिने विचारलं, "काय जिज्जी, कागद तुमनेई निकारो हतो?"

हो, कागद मीच काढला, असं मी तिला सांगितलं.

"और तुमाई जात का लिखी है ऊमें?"

त्या कागदावर माझ्या जातीची जागा कोरी होती. लाज वाटली. माझ्या आजोबांना उंबऱ्याबाहेर उभं करणाऱ्यांनीही मला कधी इतकं खाली पाहायला लावलं नव्हतं. त्यांचा मला राग यायचा. इथे राग कुणावर काढू?

आत गेले. माझ्या नोंदीत, जातीच्या रकान्यात टाइप केलं : चांभार. पुन्हा फाइल काढली, या वेळी एकाच नोंदीची. एकच ओळ. छापली आणि साहेबांच्या कपाशेजारी ठेवली. कप रिकामा झाला होता.

"सर, ये एक लाइन छूट गई थी. चाय ठीक बनी थी?"

त्यांनी ओळ वाचली. कप दोन बोटांनी दूर सारला. "आपको पहले बताना चाहिए था."

"हाँ. चाहिए था," मी म्हणाले. त्यांना नव्हे, रामकलीला सांगायला हवं होतं.

रामकलीला रसोई अजून परत मिळालेली नाही. माझ्याशी ती कामापुरतं बोलते, आणि ते बरोबरच आहे. ती तक्रार देणार आहे. साक्षीदार मी. पहिली फाइल मी पुसलेली नाही, त्या चिकटलेल्या दोन रेघांसकट ठेवली आहे. ही कुणी काढली, असं विचारतीलच. मी काढली, हे सगळ्यांसमोर सांगणार. आणि ऑफिसात पुन्हा पंडिताइन म्हणून हाक आली, तर उठणार नाही.