पाच व्हॉल्व्हची चासी

अकोल्याच्या बांधकाम खात्यात देवमन तायडे ट्रेसर होता. इंजिनियर साहेबांनी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पातळ कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघ न् रेघ काळ्या शाईने वर उतरवायची, हे त्याचं काम. जिल्ह्यातल्या निम्म्या पुलांचे कठडे त्याच्या हाताखालून गेले होते. त्यातल्या एकाही पुलावरून तो कधी चालला नव्हता, हा भाग वेगळा. हात मात्र असा नेमका, की जेवताना वरणसुद्धा भाताची हद्द ओलांडत नसे.

या माणसाला नाद एकच, क्रिकेटचा. खेळण्याचा नव्हे, ऐकण्याचा. बॅट त्याने आयुष्यात एकदाच हातात धरली होती, अमरावतीला वसतिगृहात असताना. तीही दुसऱ्याची, सांभाळायला म्हणून. पण रेडिओवर कॉमेंटरी लागली की हा गृहस्थ साहेबांनी हाक मारली तरी जागचा हलायचा नाही.

रेडिओ त्याचा नव्हताच. त्याच्या वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी मोरोपंत वकिलांचं घर होतं आणि त्यांच्या बैठकीत, बरोब्बर खिडकीसमोर, रेडिओ होता. मॅचच्या दिवसांत देवमन जेवणाच्या सुट्टीत येऊन सायकल त्या खिडकीखाली लावायचा आणि एक पाय पायडलवर ठेवून उभा राहायचा. मोरोपंत मोठे दिलदार. खिडकीतून वाकून विचारायचे, "काय रे देवमन, ऐकू येतंय ना? मोठा करू का?" आणि खरंच मोठा करायचे. आत ये, बस, हे मात्र चार वर्षांत त्यांना सुचलं नाही आणि देवमनने सुचवलं नाही. एकदा धूळ येते म्हणून सूनबाईंनी खिडकी लावून घेतली. ती पुन्हा उघडेपर्यंत आपले तीन गडी गेले होते. ते कसे गेले, हे देवमनला आजतागायत कळलेलं नाही.

बहुधा त्या तीन गड्यांचाच राग असावा. साठ सालच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर बसलेल्या मंडळींना देवमनने जाहीर करून टाकलं, "यंदा मुंबईची मॅच माया घरी! साऱ्यांनी याचं. बसाले सतरंजी आहे."

छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यापासून वस्तीत नव्या गोष्टींना कुणी पटकन नाही म्हणत नसे. तेव्हा सगळे येतो म्हणाले. घरी परतताना देवमनच्या ध्यानात आलं की सतरंजी आहे, पण रेडिओ नाही.

विकतचा तयार रेडिओ म्हणजे साहेबलोकांचं काम. पण त्या काळी हौशी माणसं सुटे भाग आणून, पुस्तकात बघून घरी रेडिओ जोडत असत. देवमननेही तेच ठरवलं आणि पहिल्याच पावलाला चुकला. त्याने आधी पेटी करायला टाकली.

त्याचे सासरे पुंजाजी परतवाड्याला सुतारकाम करत. मेळघाटचं सागवान त्यांच्या दाराशी. देवमनने मोरोपंतांचा रेडिओ डोळ्यांपुढे आणून त्याचा सुरेख नकाशा काढला. जाळी, तबकडी, खालची दोन बटणं, कोपऱ्यांची गोलाई, सगळं पुऱ्या मापात. नकाशा इतका देखणा झाला की तो घडी घालून पाकिटात टाकताना त्याच्या जिवावर आलं.

पोळ्याच्या सुमारास पुंजाजी स्वतः पेटी घेऊन आले. परतवाड्याहून अमरावती, अमरावतीहून अकोला, दोन्ही मोटारींत पेटी मांडीवर, वर गोधडी. गोधडी काढली आणि ललिता, देवमनची बायको, दोन पावलं मागे सरून बघत राहिली. समोरून पाहावं तर राजाचा रेडिओ. मग ती बाजूला गेली.

"बाबा," ती म्हणाली, "हे पेटी आहे का तसबीर?"

पेटीची खोली सहा बोटं होती. भिंतीवर भगवान बुद्धांच्या शेजारी टांगली असती तर चौकट म्हणून शोभली असती.

"नकाशात होतं तेवढं केलं," पुंजाजी म्हणाले. "जाडी लिवलीच नव्हती, जवाईबापू. मंग म्या अंदाजानं धरली. पुढून पाहा ना, एक सूत इकडचं तिकडं नाई."

पुढून खरोखरच एक सूत इकडचं तिकडे नव्हतं. देवमनने कपाळाला हात लावला. पुलाचा नकाशा करताना समोरून, वरून आणि बाजूने असा तीनदा काढायचा, हे तो झोपेतही सांगू शकला असता. पण रेडिओ त्याने चार वर्षं समोरूनच बघितला होता. खिडकीतून रेडिओची बाजू दिसत नाही.

पेटी घेऊन तो जठारपेठेत ओमप्रकाशच्या दुकानी गेला. ओमप्रकाश मूळचा राजस्थानकडचा, पण तीन पिढ्या अकोल्यात मुरलेला. बोलायला सुरुवात हिंदीत करायचा आणि वाक्य वऱ्हाडीत सोडायचा. त्याने गल्ल्यासमोर दोन चासी मांडल्या. चासी म्हणजे पत्र्याचं पालथं तबक. त्याला भोकं पाडलेली असतात. कुठे व्हॉल्व्ह, म्हणजे दिव्यासारखी काचेची नळी, बसायचा, कुठे ट्रान्सफॉर्मर, कुठे काय, हे त्या भोकांनी ठरतं. एकदा चासी घेतली की रेडिओचं नशीब ठरलं. मग पश्चात्तापाला जागा नाही, कारण तेवढं भोक त्यात नसतं.

"ये देखो, छोटीवाली," ओमप्रकाश म्हणाला. "तीन वॉल. बॅटरीवर चालते, बिजली का झंझट नाई. तुमच्या या पेटीत आरामशीर बसते. रात को नागपूर ऐसा लागते, का बोलणारा तुमच्या खाटेवर बसला."

"आन् दिवसा?"

"दिन में खरखर."

"आन् ही मोठी?"

"ही पाच वॉल. दिन में भी मुंबई धरते. पण इसको बिजली होना. आन् पेटी..." त्याने सागवानी पेटीकडे एकदा समोरून, एकदा बाजूने पाहिलं. "पेटी बहोत सुंदर आहे, देवमनबाबू. रेडिओ कहां रखोगे?"

देवमनने खिशातून फूटपट्टी काढली. मोठी चासी पेटीपेक्षा चार बोटं जास्त खोल. त्याने तिरकी मोजली, उलटी मोजली, डोळे बारीक करून मोजली. चासी सरकारी फूटपट्टीलाही दाद देईना.

तो चासी न घेताच परतला, आणि पुढच्या दोन रविवारी तसाच. दुकानात गेला की दोन्ही चासींवरून हात फिरवायचा, धान्याच्या बाजारात ज्वारी बघावी तसा, आणि "विचार करून सांगतो" म्हणून निघायचा. लहान चासी सगळ्या बाजूंनी शहाणपणाची होती. पेटीत बसणारी, वीज न मागणारी, सासऱ्यांचा मान राखणारी. फक्त तिच्यावर मॅच लागणार नव्हती. वस्तीत वीज नव्हती. शेवटचा खांब मोरोपंतांच्या घरापाशी येऊन थांबला होता, पुढे जायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिसऱ्या रविवारी भाकरी थापता थापता ललिताने विचारलं, "तुमाले दिवसा ऐकाचं आहे का रात्री?"

"मॅच दिवसाच असते."

"मंग रात्रीची चासी काहून घेऊन राहिले?"

"अवं, आपल्या घरी वीज कुठी आहे?"

"आज नाई." तिने भाकरी तव्यावर टाकली. "लहान घेतली आन् वीज आली, तं मंग? आन् मॅच लागली का तुमी जालच पुन्हा सायकल घेऊन त्या खिडकीखाली. साऱ्या वस्तीले सांगून बसले, माया घरी या म्हणून. साऱ्याईले तिथंच नेता का? वकिलाची भिंत पडन ना बाप्पा."

देवमन उठला. भाकरी न खाता जठारपेठेत गेला आणि मोठी चासी घेऊन आला. येताना वाटेत तीनदा थांबून त्याने ती परत बघितली. भीती वाटत होती आणि हसूही येत होतं. ज्या घरात दिवा कंदिलाचा, त्या घरी विजेचा रेडिओ निघाला होता.

जोडणीला महिना गेला. तारा जोडताना कथिलाचा डाग द्यायला विजेची इस्त्री नव्हती, तेव्हा कल्हईवाल्याची तांब्याच्या तोंडाची इस्त्री आणून ती चुलीत तापवायची. एका घडीला तवा, एका घडीला इस्त्री. त्या महिन्यात भाकऱ्या थोड्या उशिरा आणि थोड्या तांबूस होत. सुट्या भागांवर रंगीत पट्टे असत आणि त्यांवरून ते कुठे लावायचे ते कळे. देवमनचा जन्म काळ्या शाईत गेलेला, त्याला तांबडा आणि नारिंगी सारखाच. पुस्तक आणि रंग ललिताने सांभाळले. चौथी शिकलेली ती बाई तवा उतरवता उतरवता सांगे, "पिवळा, जांभळा, तांबडा. तो नाई वो, तो तं नारिंगी आहे. डोळे आहेत का बटणं?"

पेटीचं पुंजाजींना पत्र गेलं. पत्रात देवमनने चार वेळा माफी मागितली आणि एकदा माप लिहिलं. पुंजाजी आले, पेटीची पाठ कापली, मागे नवी खोली जोडली आणि हात झटकून म्हणाले, "पोट सुटलं तं सदरा मोठा करा लागते. त्यात पत्र काय लिवाचं?"

ओमप्रकाशच्या दुकानात नेऊन रेडिओ लावला, तर बोलला. देवमनने तो लगेच बंद केला. पहिलं ऐकणं घरी, सगळ्यांसमोर, असं त्याच्या मनात होतं. आता उरली वीज.

वीज कचेरीत बाबूने सांगितलं, दहा घरांचे अर्ज आणा, खांब पुढे नेऊ. देवमनने वस्तीचा नकाशा काढला, या खेपेला तिन्ही बाजूंनी, आणि पेटीतून चासी बाहेर काढून, ती दोन्ही हातांत धरून घरोघर निघाला. लग्नाची पत्रिका द्यावी तसा. दारात उभा राहून म्हणायचा, "हा रेडिओ. याले वीज लागते. सही करा."

नऊ घरांनी केली. दहावं घर जाईबाईचं. म्हातारी जिनिंगमध्ये सरकी वेचायला जायची आणि तिचं म्हणणं कुणी खोडून काढत नसे.

"मले काय कराची वीज? दिवस बुडला का मले झोप येते."

"दिव्यासाठी नाई, जाईबाई. मॅचसाठी."

"ते काय असते?"

देवमनने क्रिकेट समजावून सांगितलं. पाच दिवस चालतं, हे ऐकून जाईबाईने त्याला अडवलं. "पाच दिवस? आन् त्याईले मजुरी कोण देते?" चासीवरच्या काचेच्या नळ्यांकडे तिने वाकून पाहिलं. "याच्यातून माणूस बोलन? आन् मी खाली बसून आयकू शकीन? कोणी उठवणार नाई?"

"कोणीच नाई."

"दे इकडं," ती म्हणाली आणि अंगठा पुढे केला.

अर्ज देऊन परत येताना मोरोपंत फाटकात भेटले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. "म्हणजे आता तू येणार नाहीस का रे?" ते खरंच हिरमुसले होते. "एकट्याने ऐकण्यात गंमत नाही. कॅच सुटला की कुणाकडे बघायचं?"

"तुमी या ना आमच्याकडं," देवमन म्हणाला. "सतरंजी आहे."

मोरोपंतांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "येतो," ते म्हणाले.

मॅच सुरू झाली तेव्हा खांब उभे झाले होते, तारा नव्हत्या. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. देवमनने रजा काढली होती आणि तो दारात बसून खांबांकडे बघत होता. येणारेजाणारे विचारत, "काय झालं मॅचचं?" आणि हा म्हणे, "तारा येऊन राहिल्या." खिडकीखाली मात्र तो गेला नाही. एकदा सायकल बाहेर काढली आणि पुसून परत ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी रामराव वायरमन तारा आणि शिडी घेऊन आला. दुपार व्हायच्या आत देवमनच्या खोलीत मीटर बसलं. तासाभरात सतरंजी भरली, उंबरा भरला. मोरोपंत कोट घालून आले आणि भिंतीला टेकून मांडी घालून बसले. जाईबाई सगळ्यांत पुढे. देवमनने बटण फिरवलं.

काहीच झालं नाही. व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर लागतं, हे त्याला पाठ होतं. तरी त्या मिनिटात त्याला आपली चाळीस वर्षं आठवली. वय तेव्हा बत्तीसच होतं. मग पेटीच्या मागच्या खोलीत तांबूस उजेड पसरला, गुरगुर आली आणि मुंबईहून एक माणूस इंग्रजीत बोलू लागला. दोन वाक्यं बोलला आणि थांबला. सतार सुरू झाली.

"काय म्हणून राहिला?" दहा जणांनी एकदम विचारलं.

देवमनचा चेहरा उतरला. "जेवणाची सुट्टी झाली. चाळीस मिनिटं."

"मंग जेवू दे ना लेकराईले," जाईबाई म्हणाली आणि तिने मांडी बदलून पाठ भिंतीला लावली. "आपल्याले कोठी जाचं आहे?"

कुणीच उठलं नाही. चाळीस मिनिटं सगळी वस्ती सतार ऐकत बसली. ललिताने चहाचं आधण ठेवलं आणि रेडिओपाशी उभा असलेला देवमनही जागा करून सतरंजीवर बसला.