कूलरपुढचा चार्जर

माझा नवरा भित्रा आहे, हे मी अख्ख्या भडगावात सांगत फिरायचे. खोटं नव्हतं ते. धंदा मोटारसायकलच्या बॅटऱ्या चार्ज करायचा, आणि बॅटरीला हात लावायचा तर तोंड फिरवून, लांबूनच! लोक त्यांना भटूभाऊ म्हणतात. मी म्हणायचे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

कारण तसंच होतं म्हणा. बारा वर्षांपूर्वी करंट चालू असतानाच त्यांनी बॅटरीवरचा वायरचा चिमटा उपसला, ठिणगी पडली, बॅटरी फुटली आणि ॲसिडनं डावा डोळा गेला. तेव्हापासून आधी बटण बंद, मगच चिमटा. राहिलेला उजवा डोळा गेला तर काय, ही धास्ती त्यांच्यापेक्षा मलाच जास्त. म्हणून तर मी चेष्टा करायचे.

मार्चमध्ये नवीन चार्जर घेतला. त्याच्या पडद्यावर व्होल्ट, टक्के, तापमान, सगळं दिसतं. हवा गार असली तर तो आपणच जोर वाढवतो, गरम असली तर कमी करतो. दोन महिने सोन्यासारखा चालला. मे लागला आणि त्याला काय अवदसा आठवली कोण जाणे! सकाळी भरलेली बॅटरी ठणठणीत, दुपारी भरलेली दोन दिवसांत खलास. पडद्यावर मात्र शंभर टक्के. केळीवाले नवलभाऊ तिसऱ्यांदा मोटारसायकल ढकलत आले आणि दारातूनच ओरडले, "भटूभाऊ, हाई तुमनं मशीन खोटं बोलस!"

ह्यांनी चिमटे घासले, वायर बदलली, जुन्या मीटरनं व्होल्ट ताडून पाहिले. चार्जर जेवढे देतोय तेवढेच दाखवतोय, पण दुपारी देतोय मात्र जास्त, त्यानंच बॅटरी करपतेय. "का बरं?" म्हणत डोकं धरून बसले.

आता माझं ऐका. दुपारी चार्जर तापायचा, म्हणून मीच तो स्टुलावर ठेवून दारातल्या कूलरपुढे सरकवायचे. माणसाला ऊन लागतं, मग यंत्राला नाही लागत? बॅटरी मात्र गाडीतच, समोर तापलेल्या पत्र्याखाली.

नवलभाऊंची गाडी लावली त्या दुपारी बॅटरीतून बारीक सूंऽऽ असा आवाज यायला लागला. हे दारातच थबकले. "कुंदा, जवळ जाऊ नको."

माझं डोकंच फिरलं. "अहो, पंच्याण्णव टक्के दाखवतंय, सगळं ठीक आहे. किती भ्यायचं माणसानं?" आणि मुद्दाम जाऊन बॅटरीपुढे उकिडवी बसले. अगदी तोंड जवळ नेऊन.

सडक्या अंड्यासारखा वास आला. बॅटरीची अंगं पुरीसारखी टम्म फुगली होती. बोट लावलं तर चटका बसला. उठायचं होतं, पण पाय उचलेनात.

मागे हे पडदा वाचत होते. "तापमान चोवीस? भडगावमा? मे महिनामा?" त्यांनी कूलरच्या वाऱ्यात हात धरला आणि त्यांचा आवाजच बदलला. "अगं, ह्याले थंडी वाजस! बॅटरीबी गार शे असं समजीसन जोर लावी ऱ्हायना हा!"

मी घाबरून चिमट्याला हात घातला. उपसणारच होते.

"हात लावू नको! ठिणगी पडंल!"

बटण खांबावर, बॅटरीच्या अगदी डोक्यावर. मी हलेना, तेव्हा हे धावत आले. माझ्या दंडाला धरून असं ढकललं की मी कूलरपाशी जाऊन पडले. त्यांचा हात बोर्डावर फिरला, खट् झालं, आणि पाठोपाठ बॅटरी फाडकन फुटली.

ॲसिड त्यांच्या उजव्या गालावर उडालं. गेला, दुसराही गेला, माझ्यामुळे गेला, असं मी बोंबलतच होते. ओढत त्यांना पाण्याच्या ड्रमपाशी नेलं. तांब्यामागून तांब्या ओतला. डोळा घट्ट मिटलेला. "उघडा हो, एकदा उघडा." "पाणी टाक," एवढंच ते म्हणायचे. आई भवानी, माझा एक घे, पण ह्यांचा राहू दे, असं मी मोठ्यानं बोलत होते. पंधरा तांबे झाले, वीस झाले, अर्धा ड्रम संपला. मग पापणी हलली. डोळा लालभडक होता.

"दिसतंय का हो?"

"दिखस."

मी तिथंच चिखलात फतकल मारली. रडू ओसरल्यावर विचारलं, "गाल पोळला, पापणी पोळली, मग आत कसं नाही गेलं?"

त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड हळूहळू टिपलं. "निंघनू तव्हाच डोया मिटी लिन्हा व्हता. बोर्ड कोठे शे, ते हातले मालूम शे."

म्हणजे दारापासून त्या फुगलेल्या बॅटरीपर्यंत हा माणूस आंधळा होऊन धावत आला. बोर्डाचं ठीक आहे, तो बारा वर्षं एकाच जागी आहे. पण मी? माझा दंड त्यांना पहिल्या झटक्यात कसा सापडला, ते विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.